उंसाची नवी जात कशी निपजते, आणि ती फार काळ कां टिकत नाहीं

गहूं, बाजरी किंवा कापूस पिकविणारा शेतकरी पुढील सालच्या बियाण्याचा विचार करूं लागला म्हणजे तो कणसाकडे अगर बोंडाकडे पाहतो. ऊंसकऱ्याची रीत निराळी आहे. तो बीं पेरीत नाहीं. उभा ऊंस तोडून त्याच्या टिपऱ्या करतो, आणि त्या टिपऱ्यांवरील डोळे सरींत दाबून नवें पीक उभें करतो. अशा डोळ्यापासून वाढलेला ऊंस म्हणजे पहिल्याच उंसाचा पुढें वाढलेला देह होय. त्यामुळें एकदां चांगली जात हातीं आली कीं ती वर्षानुवर्षें जशीच्या तशी राखतां येते, हा मोठाच लाभ. परंतु तिच्यांत आपोआप सुधारणा होण्यास वाव उरत नाहीं, ही त्या लाभाबरोबर येणारी उणीव. अशा जातीस एखादा रोग बाधूं लागला तर एका शेतांतील ऊंस जसा त्यास बळी पडतो, तसा शंभर कोसांवरील ऊंसहि पडतो. कारण दोन्ही ठिकाणीं उभा असलेला ऊंस मुळांत एकच.

महाराष्ट्राच्या पाटपाण्याच्या मुलुखांत आजोबा-पणजोबांच्या काळीं पुंड्या होता, पुढें को. ४१९ आला, त्याची जागा को. ७४० नें घेतली. आणि अलीकडे को. ८६०३२ घरोघरचा झाला, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु हा फेरपालट कोणी घडविला, त्यास इतकीं वर्षें कां लागतात, आणि इतक्या कष्टानें मिळविलेली जात कांहीं काळानें कां मावळते, याची माहिती थोड्यांसच असते. ही माहिती केवळ ज्ञानासाठीं नव्हे. कोणतें बेणें लावावयाचें हा निर्णय अखेर शेतकऱ्याचाच असतो, आणि त्या निर्णयाची फळें त्यास लागण व खोडवे मिळून दोन-चार वर्षें भोगावीं लागतात.

उंसाचें बीं

उंसास तुरा येतो तो आपण दरवर्षीं पाहतों, आणि तुरा दिसला कीं आतां ऊंस वाढणार नाहीं म्हणून हळहळतों. त्या एका तुऱ्यांत हजारों बारीक फुलें असतात. तरीहि हें बीं वांझ असतें, अशी समजूत जगांत फार काळ रूढ होती. १८५८ सालीं बार्बाडोस बेटांत उंसाचीं रोपें आपोआप उगवलेलीं आढळलीं होतीं, परंतु तिकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. १८८८ च्या सुमारास जावांत सोल्टवेडेल यांनीं, आणि बार्बाडोसमध्यें हॅरिसन व बोव्हेल यांनीं, परस्परांहून स्वतंत्रपणें, उंसाच्या बियांपासून रोपें होतात हें दाखवून दिलें. उंसाच्या सुधारणेचा खरा इतिहास तेथून सुरू होतो.

हें बीं फारच नाजूक असतें. तें इतकें बारीक असतें कीं भोंवतालच्या मऊ केसांसकटच पेरावें लागतें, आणि साध्या हवेंत ठेवल्यास थोड्याच आठवड्यांत त्याची उगवणशक्ति नाहींशी होते. शिवाय त्यापासून निघणारीं रोपें आईबापांसारखीं नसतात व एकमेकांसारखींहि नसतात. हापुसाची कोय पुरली तर उगवणाऱ्या झाडास हापूसच लागेल असा भरंवसा कोणी देत नाहीं. म्हणून आपण कलमें बांधतों. उंसाचें तसेंच आहे. टिपरी हें उंसाचें कलम, आणि बीं ही त्याची कोय. मळ्यांतील पिकासाठीं टिपरीच हवी; परंतु नवी जात शोधणारास कोयीशिवाय गति नाहीं.

जावा बेटाचा अनुभव

गेल्या शतकाच्याहि मागील शतकांत, म्हणजे १८८० नंतरच्या दशकांत, जावांतील उंसावर 'सेरेह' नांवाचा रोग पडला. तेथें त्या वेळीं काळा चेरिबॉन ही एकच जात बहुतेक सर्वत्र होती. तिचा ऊंस जाड, रसाळ व गोड. परंतु रोगापुढें ती टिकेना. गोड उंसांचा एकमेकांशीं संकर करून पाहिला, तरी रोगप्रतिकाराचा गुण पुरेसा येईना. कारण जो गुण आईबापांजवळ नाहीं तो मुलांत कोठून येणार?

तो गुण मिळाला रानांतून. जावांत ग्लागा नांवाचें एक उंच रानगवत आहे. आपल्याकडे नदीकांठीं व ओसाड जमिनींत पांढऱ्या तुऱ्यांचें जें काश माजतें, त्याचाच हा भाऊबंद. त्याच्यांत साखर जवळजवळ नाहीं, कांडें बोरूसारखें बारीक, चोथा भरपूर. परंतु त्याच्या मुळ्या खोल जातात आणि सेरेह त्यास शिवत नाहीं. काळा चेरिबॉन व हें गवत यांचा निसर्गानेंच घडविलेला एक संकर 'कासूर' या नांवानें तेथें आढळला. डच शास्त्रज्ञ येस्वीट यांनीं ही रानटी वेल आपल्या प्रयोगांत पुनःपुन्हां गोड उंसाशीं जोडली. दर पिढींत गवताचा अंश कमी व उंसाचा अंश अधिक करीत जावयाचें, आणि गवताचा कणखरपणा मात्र राखावयाचा, अशी ही युक्ति. पी. ओ. जे. १०० व कासूर यांपासून पी. ओ. जे. २३६४ निघाला, त्याचा ई. के. २८ शीं १९२१ सालीं संकर केला, त्यांतून पी. ओ. जे. २८७८ ही जात हातीं आली. त्यानंतर आठ-नऊ वर्षांच्या आंत जावांतील बहुतेक ऊंसक्षेत्र त्या एका जातीखालीं गेलें. या जातींपैकीं ई. के. २८ व पी. ओ. जे. २८७८ या आपल्या दक्षिणेंतील कालव्यांवरहि कांहीं काळ लावल्या गेल्या होत्या.

कोईमतूरचें कार्य

हिंदुस्थानांत ऊंस प्राचीन; 'शर्करा' हा शब्दच येथून जगभर गेला. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं उत्तरेकडील ऊंस बोटासारखा बारीक व उत्पन्नानें अगदीं बेताचा असे, आणि जावाची साखर आपल्या बाजारांत येऊन पडत असे. १९१२ सालीं कोईमतूर येथें उंसाच्या पैदाशीचें केंद्र निघालें. बार्बर हे त्याचे पहिले प्रमुख, व वेंकटरामन हे त्यांचे साहाय्यक. पुढें १९१९ पासून वेंकटरामन यांनींच तें केंद्र सुमारें दोन तपें चालविलें.

ऊंस उत्तरेंत पिकत असतां केंद्र दक्षिणेंत कां, अशी शंका येईल. त्याचें कारण तुरा. दिवस हळूहळू लहान होत जावे, रात्रीं फार थंड नसाव्या, हवेंत ओलावा असावा, तरच उंसास भरघोस तुरा येऊन त्यांतील पराग सजीव राहतो. उत्तरेच्या थंडींत हें साधत नाहीं. कोईमतूरास तें साधतें. म्हणून लग्न कोईमतूरास लावावयाचें, आणि संसार पंजाब, बिहार वा महाराष्ट्र येथें थाटावयाचा, अशी व्यवस्था पडली. ती आजतागायत चालू आहे. देशांतील निरनिराळ्या संशोधन केंद्रांसाठीं तेथील संकर-बागेंत तुरे जुळविले जातात व बीं त्या त्या केंद्राकडे जातें. महाराष्ट्रांत आंबोली येथेंहि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनें संकराचें केंद्र उभें केलें आहे. कोंकणच्या माथ्यावरील तेथील हवा तुऱ्यास मानवते.

कोईमतूरच्या आरंभींच्याच प्रयत्नांत एक मोठें यश आलें. 'वेल्लै' हा दक्षिणेंतील जाड पांढरा ऊंस, आणि कोईमतूरच्या आसपास उगवणारें काश, यांचा संकर १९१२ सालीं करण्यांत आला. त्यांतून निवडलेला को. २०५ हा १९१८ मध्यें पंजाबांत लागवडीस गेला. तेथील 'काठा' या देशी उंसापेक्षां त्याचें उत्पन्न सुमारें दीडपट भरलें. गवताचें रक्त मिसळून ऊंस सुधारतो, हें ऐकून त्या काळीं अनेकांस हंसूं आलें असेल. परंतु शेतांतील वजनकांट्यानें तो वाद मिटविला. त्यामागून को. २१३, को. २८१, को. २९०, को. ३१२ अशा जाती आल्या. त्यांत गोड जाड ऊंस, उत्तरेचा बारीक देशी ऊंस व काश या तिघांचेंहि रक्त एकत्र आलें. १९३२ सालीं सरकारनें साखरधंद्यास संरक्षण दिलें तेव्हां थोड्याच वर्षांत देशांत इतके कारखाने उभे राहूं शकले, याचें एक कारण असें कीं त्यांना पुरेल असा ऊंस शेतांत आधींच तयार होता.

या जाती परदेशींहि गेल्या. अमेरिकेंतील लुईझियाना प्रांताचा ऊंस रोगानें खचला असतां जावाच्या जातींबरोबर को. २८१ व को. २९० यांनीं तो धंदा सांवरला. कोईमतूरहून दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतास पाठविलेल्या बियांतून तेथें निवडलेली एन. को. ३१० ही जात १९४५ सालीं बाहेर पडली आणि पुढें तिचा अनेक देशांत प्रसार झाला. तिच्या नांवांतील 'एन' म्हणजे नाताळ व 'को' म्हणजे कोईमतूर.

याच केंद्रांत १९३४ पासून कांहीं वर्षें डॉ. जानकी अम्माळ यांनीं उंसाच्या पेशींचा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं अभ्यास केला. उंसाचा मक्याशीं संकर होऊं शकतो हें त्यांनीं दाखविलें. ज्वारी व बांबू यांच्याशींहि तेथें संकर करून पाहण्यांत आले. त्यांतून थेट मळ्यांत लावावा असा ऊंस निघाला नाहीं. परंतु उंसाचें गोत किती दूरवर पसरलेलें आहे हें त्यामुळें कळून आलें.

गुणसूत्रांचा हिशेब

प्रत्येक सजीवाच्या पेशींत सूक्ष्म धाग्यांसारखीं गुणसूत्रें असतात. आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते त्यांच्याच द्वारें. साधारण नियम असा कीं आईकडून निम्मीं व बापाकडून निम्मीं गुणसूत्रें येतात. गोड जाड उंसांत ८० गुणसूत्रें असतात. काशाच्या निरनिराळ्या प्रकारांत तीं ४० पासून १२८ पर्यंत आढळतात. कोईमतूरच्या काशांत ६४ आहेत. नियमाप्रमाणें को. २०५ मध्यें ४० अधिक ३२, म्हणजे ७२ असावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत तीं ११२ भरलीं. म्हणजे आईनें आपला निम्मा वांटा न देतां सगळींच्या सगळीं ८० दिलीं, आणि काशानें आपलीं निम्मीं ३२ दिलीं. जावाच्या कासुरांतहि हाच प्रकार आढळतो. तेथील ग्लागाचीं गुणसूत्रें ११२. त्यांचीं निम्मीं ५६, व चेरिबॉनचीं पूर्ण ८०, मिळून १३६. डच शास्त्रज्ञ ब्रेमर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत हा हिशेब लावून दाखविला.

ऊंसकऱ्याच्या दृष्टीनें याचा अर्थ मोठा आहे. गवताशीं संकर केल्यावर साखर निम्म्यानें बुडावी व ती भरून काढण्यास अनेक पिढ्या जाव्या, असें वाटणें साहजिक आहे. परंतु गोड ऊंस आई असतां ती आपल्या पदरचें सर्व देते, म्हणून दोन-तीन पिढ्यांतच साखर पुन्हां वर येते. हल्लींच्या जातींत साधारणपणें १०० ते १३० गुणसूत्रें असतात. त्यांपैकीं शेंकडा दहा ते वीस इतकींच पूर्णपणें काशाचीं, व कांहीं थोडीं दोहोंच्या तुकड्यांनीं जुळलेलीं. एवढ्या अल्प वांट्यावर आपल्या उंसाचा जोम, फुटवे, खोडव्याची ताकद व बरीचशी रोगप्रतिकारशक्ति उभी आहे.

एका जातीस बारा वर्षें

आतां नवी जात प्रत्यक्ष निघते कशी तें पाहूं. ज्या उंसाच्या तुऱ्यांत पराग नसतो किंवा अगदीं थोडा असतो, तो आई म्हणून निवडतात. त्याच्या तुऱ्यावर कापडी पिंजरा बसवितात, म्हणजे परक्या परागाचा शिरकाव होत नाहीं. बाप म्हणून निवडलेल्या उंसाचे तुरे तोडून आणून पिंजऱ्यांत आईच्या तुऱ्याहून उंच ठेवतात, व सकाळच्या वेळीं त्यांचा पराग खालीं झाडतात. तोडलेला ऊंस तोंवर जिवंत राहावा म्हणून त्याच्या कांड्यांस आधींच माती बांधून मुळ्या फोडून घेण्याची युक्ति कोईमतूरास वापरीत असत. बीं पक्व झालें कीं तें वाळवून थंड जागीं ठेवावयाचें, आणि मग कुंड्यांत पेरून रोपें करावयाचीं.

येथून निवडीस आरंभ होतो. हजारों रोपें लावलीं जातात, आणि त्यांतील प्रत्येक रोप ही एक स्वतंत्र जात असते. पहिल्या वर्षीं जाडी, उंची, फुटवे व रसाची गोडी पाहून बहुतेक सर्व काढून टाकतात. उरलेल्यांच्या टिपऱ्या करून एकेक ओळ लावतात; त्यांतून पुन्हां निवड; मग लहान वाफे, मग मोठे वाफे; लागणीचें पीक व खोडव्याचें पीक दोन्ही पाहावयाचीं; मुद्दाम रोगाची लागण करून कोण टिकतो तें पाहावयाचें; आणि शेवटीं निरनिराळ्या जिल्ह्यांत व निरनिराळ्या जमिनींत चांचणी घ्यावयाची. यांत दहा-बारा वर्षें सहज जातात, आणि हजारों रोपांमागें एखादेंच शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोंचतें.

जात पसंत झाली तरी बेणें लगेच मिळत नाहीं. एका एकराच्या बेण्यांत साधारण दहा एकर लागण होते. म्हणजे आज एक गुंठा असेल तर पुढील सालीं दहा गुंठे, त्यापुढील सालीं अडीच एकर, व चौथ्या सालीं पंचवीस एकर. उंसाच्या नव्या जातीचा प्रसार धान्याच्या बियाण्यासारखा झपाट्यानें होत नाहीं, त्याचें हेंच कारण होय.

जातींच्या नांवांवरूनहि पुष्कळ कळतें. को. ८६०३२ मध्यें ८६ हें सालाचें व ०३२ हा अनुक्रमाचा आंकडा आहे. को. एम. ०२६५, म्हणजे आपला 'फुले २६५', यांत 'एम' हें अक्षर महाराष्ट्राचें आहे. को. सी. ६७१ मधील 'सी' हें तामिळनाडूंतील कडलूर केंद्राचें. सातारा जिल्ह्यांतील पाडेगांव येथील ऊंस संशोधन केंद्र १९३२ सालीं निघालें, आणि महाराष्ट्रासाठीं जाती पारखण्याचें काम तेथें चालतें. को. ४१९ हा पी. ओ. जे. २८७८ व को. २९० यांचा मुलगा. जावाचें व कोईमतूरचें, दोन्हीकडील कुळ त्यांत मिळालें, आणि दक्षिणेंत त्यानें दीर्घ काळ राज्य केलें. को. ८६०३२ हा को. ६२१९८ व को. सी. ६७१ यांपासून झाला. फुले २६५ हा २००७ सालीं लागवडीस आला. खारवट व चोपण जमिनींत तग धरणें हा त्याचा विशेष, परंतु पक्व होण्यास तो वेळ घेतो, म्हणून लवकर तोडल्यास साखर कमी उतरते. सर्व गुण एकाच जातींत सांपडत नाहींत, हें यावरून दिसेल.

को. ०२३८ चा धडा

कर्नाल येथील केंद्रांत डॉ. बक्षीराम यांनीं निवडलेली को. ०२३८ ही जात २००९ सालीं उत्तर भारतासाठीं प्रसृत झाली. तिचें वजन चांगलें व साखरहि चांगली. हे दोन गुण एकत्र क्वचितच येतात. उत्तर प्रदेशाचा सरासरी साखर-उतारा पूर्वीं ९ ते साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असे, तो थोड्याच वर्षांत ११ टक्क्यांच्या वर गेला. शेतकरी खूष, कारखानदार खूष. पाहतां पाहतां त्या प्रांतांतील चार-पंचमांशांहून अधिक ऊंसक्षेत्र या एका जातीनें व्यापलें.

मग तांबडी कूज आली. हा बुरशीचा रोग आहे. रोगट ऊंस उभा चिरला तर आंतील गर लाल दिसतो, त्यांत मधून मधून पांढरे आडवे पट्टे असतात, व दारूसारखा आंबूस वास येतो. एकदां कांड्यांत शिरल्यावर यावर खात्रीचें औषध नाहीं. को. ०२३८ प्रसृत झाली त्या वेळीं आढळणाऱ्या बुरशीस ती दाद देत नव्हती. परंतु बुरशी ही सजीव आहे. ती पिढ्यांमागून पिढ्या बदलते, आणि ऊंस मात्र टिपरीनें लावला जात असल्यानें जागच्या जागीं उभा असतो. लाखों एकरांवर एकच ऊंस असला म्हणजे जो बुरशीचा प्रकार त्यास भेदूं शकेल त्यास अन्नछत्रच उघडलें जातें. तसा नवा प्रकार पुढें आला, आणि २०१८ नंतरच्या हंगामांत पूर्वेकडील जिल्ह्यांपासून ही जात शेतोशेतीं वाळूं लागली. ज्यांनीं सर्व जमीन तिच्याखालीं घातली होती, त्यांचें नुकसान सर्वांत अधिक झालें.

हें प्रथमच घडलें असें नाहीं. १९३९ च्या सुमारास पूर्व उत्तर प्रदेश व बिहार येथें को. २१३ चा याच रोगानें असाच अंत झाला होता. आपल्याकडे को. ७४० जुना झाल्यावर काणीनें त्रस्त झाला, तो प्रकार अनेकांनीं पाहिला आहे. जाती 'थकतात' असें आपण म्हणतों. बहुतेक प्रसंगीं जात थकलेली नसते. तिचा शत्रु शिकलेला असतो, आणि रोगट बेणें वर्षानुवर्षें तसेंच लावून आपण त्यास मदत करीत असतों.

नवें शास्त्र काय करूं शकेल

उंसाचे गुण ज्या लिपींत लिहिलेले आहेत ती आतां वाचतां येऊं लागली आहे. भाताचा जनुकसंच २००५ च्या सुमारास पूर्ण वाचून झाला. उंसास फार वेळ लागला, कारण त्यांत प्रत्येक प्रकरणाच्या आठ-दहा किंवा अधिक प्रती, त्याहि थोड्याथोड्या फरकाच्या, एकत्र गुंतलेल्या असतात. मनुष्याचा जनुकसंच सुमारें ३०० कोटी अक्षरांचा. उंसाचा सुमारें १,००० कोटींचा. २०१८ सालीं काशाचा, व २०२४ सालीं रियुनियन बेटांतील आर ५७० या लागवडीच्या उंसाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. आर ५७० ही जात तांबेऱ्यास दीर्घकाळ दाद न देणारी म्हणून ख्यात आहे. तो गुण ज्या जागीं आहे तेथील दोन लगतचीं जनुकें या वाचनांतून पुढें आलीं.

याचा उपयोग असा. रोपास पक्व होऊन रोग पडेपर्यंत वर्षानुवर्षें थांबण्याऐवजीं त्याच्या पानाचा तुकडा तपासून, प्रतिकाराची खूण त्यांत आहे कीं नाहीं हें सांगतां येईल. ज्यांत ती नाहीं तीं रोपें आधींच वगळलीं तर शेताची जागा व मजुरी वांचेल. तरीहि वजन, साखर व खोडवा हे गुण एकेका जनुकावर अवलंबून नसतात. तेथें शेतांतील चांचणीस पर्याय नाहीं. दुसऱ्या जिवाचें जनुक उंसांत घालण्याचा मार्गहि आहे. ब्राझीलनें २०१७ सालीं खोडकिड्यास दाद न देणाऱ्या अशा उंसास मान्यता दिली. भारतांत तशा उंसाच्या लागवडीस परवानगी देण्यांत आलेली नाहीं. यास्तव त्या नांवाखालीं कोणी बेणें विकूं लागल्यास शेतकऱ्यांनीं सावध राहावें.

शास्त्र कितीहि पुढें गेलें तरी त्यास कच्चा माल लागतोच, आणि तो म्हणजे जुने ऊंस व रानगवतें. जगांतील आजच्या बहुतेक जाती थोड्याच गोड उंसांच्या व त्याहून थोड्या काशांच्या संततींतील आहेत. म्हणून १९२८ सालीं अमेरिकेंतून कांहीं शास्त्रज्ञ समुद्रविमानानें न्यू गिनीच्या अरण्यांत ऊंस शोधीत हिंडले. केरळांतील कन्नूर येथें जगांतील दोन मोठ्या संग्रहांपैकीं एक राखलेला आहे. दुसरा अमेरिकेंत मायामी येथें आहे. आपण बांधावरील ज्या गवतास उपटून जाळतों, त्याच्या भाऊबंदांची तेथें अशी जपणूक चालते.

शेतकऱ्यानें काय करावें

वरील सर्व विवेचनाचें शेतकऱ्याच्या दृष्टीनें तात्पर्य असें.

पहिलें, सर्व जमीन एकाच जातीखालीं घालूं नये. दहा एकर ऊंस असेल तर निदान दोन, शक्य तर तीन शिफारस झालेल्या जाती ठेवाव्या. लवकर पक्व होणारी व उशिरां पक्व होणारी अशी जोडी असल्यास तोडणीचीहि सोय होते. हाच नियम कारखान्यांनीं आपल्या कार्यक्षेत्रास लावावा.

दुसरें, बेणें स्वतःच्या बेणेंमळ्यांतील असावें. उष्ण बाष्प हवेंत ५४ अंश उष्णतेवर चार तास ठेवलेल्या टिपऱ्यांपासून, किंवा संशोधन केंद्राच्या मूलभूत बेण्यापासून, हा मळा करावा. त्यामुळें काणी व गवताळ वाढ यांस आळा बसतो. नऊ ते अकरा महिन्यांचें, रसरशीत डोळ्यांचें बेणें घ्यावें. खोडव्याचें घेऊं नये. तीन-चार वर्षांनीं बेणें बदलावें.

तिसरें, परप्रांतांतील एखाद्या जातीची कीर्ति ऐकून तिचें बेणें ट्रकानें आणवूं नये. त्या टिपऱ्यांबरोबर तेथील बुरशीहि येते. नवी जात हवी असल्यास ती पाडेगांव, मांजरी किंवा आपला कारखाना यांच्या मार्फतच घ्यावी.

चौथें, प्रत्येक सभासदानें आपल्या मळ्यांत दोन-चार सऱ्या नव्या जातीच्या परीक्षेसाठीं राखाव्या. लागण व खोडवा दोहोंचें वजन, पाण्याच्या पाळ्या व रोगाची स्थिति एका वहींत टिपून ठेवावी. शंभर मळ्यांतील अशा वह्या एकत्र आल्या, तर कोणती जात कोणत्या जमिनीस मानवते हें संशोधकांस त्यांच्या स्वतःच्या वाफ्यांवरून कळेल त्याहून अधिक कळेल. आपल्या मळ्यांत आज जी जात उत्तम आहे, ती उतरणीस लागण्याच्या आधींच तिची वारस तयार असावी. आणि ती तयार करण्यास बारा वर्षें लागतात, हें लक्षांत ठेवून ही परीक्षा येत्या लागणीपासूनच सुरू करावी.